फुकट उपचारात खिशातून पैसा जातो तो कसा थांबवायचा: सिव्हिल, योजना आणि धर्मादाय हॉस्पिटलसाठी कामाची माहिती

ज्यांच्या घरात कुणी ॲडमिट आहे किंवा येत्या काही दिवसांत व्हायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. बरीच वर्षं मी आमच्या भागातल्या पेशंटच्या नातेवाइकांबरोबर सिव्हिलला, मेडिकल कॉलेजला आणि योजनेतल्या खासगी हॉस्पिटलांमध्ये जातेय, आणि एक गोष्ट पक्की कळलीय की जिथं उपचार फुकट आहेत तिथंही माणूस कर्जात जातो तो बिलामुळे नाही, बिनपावतीच्या पैशामुळे. बाहेरून आणलेली औषधं, डिपॉझिट म्हणून घेतलेले दहा हजार, स्ट्रेचर ढकलायचे दोनशे, बाळ दाखवायचे पाचशे. यातल्या कुठल्याच पैशाचा कुठे कागद नसतो म्हणून नंतर कुठे तक्रारही होत नाही. त्यामुळे खालचं सगळं वाचून एवढं एक जरी पाळलंत तरी चालेल, पावती मिळणार नसेल तर पैसे द्यायचे नाहीत, आणि द्यावेच लागले तर कुणाला, कधी, किती ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं.

देशाचं चित्र सांगायचं तर सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के खर्च लोक खिशातून करत होते, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. कमी झालाय हे खरं आणि चांगलंच आहे, पण शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजून आपलेच जातायत, आणि आजारपणात चाळीस टक्के कुठून उभे करायचे हा प्रश्न गरिबाच्या घरात तसाच राहतो.

आधी बघा, हॉस्पिटल कुणाचं आहे

हे लोकांना फालतू वाटतं पण इथूनच सगळं ठरतं. आपण सगळ्यालाच 'सरकारी दवाखाना' म्हणतो पण त्यांचे मालक वेगवेगळे आहेत.

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय, जिल्हा रुग्णालय म्हणजे आपलं सिव्हिल, हे सगळं राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं. इथं १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार पूर्ण मोफत आहेत, केसपेपरचे पैसेसुद्धा लागत नाहीत, तपासण्याही फुकट. म्हणजे इथं कुणी कसलेही पैसे मागितले तर पहिला प्रश्न हाच की कशाचे?

ससून, जेजे, घाटी, नागपूरचं मेयो ही मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं वैद्यकीय शिक्षण विभागाची. तो २०२३ चा निर्णय यांच्यासाठी नव्हता, त्यामुळे इथं केसपेपर, एक्स-रे, सिटी स्कॅनची सरकारी फी असते, बाहेरच्यापेक्षा बरीच कमी, पण असते आणि तिची छापील पावती मिळते. मुंबईतली केईएम, सायन, नायर महापालिकेची, त्यांचे दर महापालिका ठरवते. आता घोळ कुठे होतो, तर गेल्या काही वर्षांत बऱ्याच जिल्ह्यांत नवीन मेडिकल कॉलेज झालं आणि जुनं सिव्हिल त्याला जोडलं गेलं, बोर्ड बदलला पण लोक अजून सिव्हिलच म्हणतात आणि काउंटरवर फी मागितली की भांडण सुरू होतं. म्हणून केसपेपर काढतानाच शांतपणे विचारा की हे आरोग्य विभागाकडे आहे की मेडिकल कॉलेजकडे. कॉलेजकडे असेल आणि फी परवडत नसेल तर समाजसेवा अधीक्षकांचं ऑफिस शोधा, मोठ्या हॉस्पिटलांत ते असतंच. फी माफ करून घेणं, बाहेरच्या ट्रस्टकडून मदत मिळवून देणं हेच त्यांचं काम आहे आणि निम्म्या नातेवाइकांना हे ऑफिस आहे हेच माहीत नसतं.

आणि तिसरं म्हणजे योजनेतली खासगी हॉस्पिटलं. यावर जरा जास्त बोलावं लागेल.

योजना नक्की काय आहे

आपल्याकडे आधी राजीव गांधी जीवनदायी होती, २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी सगळ्या राज्यात, मग २०१७ मध्ये ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. केंद्राची आयुष्मान भारत २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीतून सुरू झाली. महाराष्ट्रात या दोन्ही एकत्र चालतात. पूर्वी फुले योजनेत वर्षाला दीड लाख आणि आयुष्मानमध्ये पाच लाख असा फरक होता, १ जुलै २०२४ पासून दोन्हीकडे कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत झालं आणि पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही रेशनकार्ड असलेल्यांना खुलं झालं. त्यामुळे 'आमचं पांढरं कार्ड आहे, आम्हाला काय मिळणार' असं म्हणत घरी बसलेले लोक अजून भेटतात त्यांना हे सांगा. घरात सत्तर वर्षांच्या वरचं कुणी असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून त्यांचं वेगळं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही.

हे कार्ड काढायला एजंट लागत नाही. पॅनलवरच्या, म्हणजे योजनेत नोंदलेल्या हॉस्पिटलातला आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) काढून देतो किंवा मोबाईलवर आयुष्मान ॲपमधून निघतं. गावात कुणी 'पाचशे द्या, आठ दिवसांत कार्ड देतो' म्हणत असेल तर त्याला आधारचा ओटीपी अजिबात देऊ नका, त्या ओटीपीवर पुढे काय होतं ते खाली सांगतेच.

घरातून निघतानाची पिशवी

रेशनकार्ड ओरिजिनल आणि झेरॉक्स, पेशंटचं आधार, जुने रिपोर्ट, जुन्या चिठ्ठ्या, आधार ज्या नंबरला लिंक आहे तो मोबाईल. हा मोबाईल नेमका मुलाकडे पुण्यात असतो आणि पेशंट इकडे तालुक्याला, मग ओटीपीसाठी फोनाफोनी चालते. लहान बाळाचं नाव रेशनकार्डात नसेल तर जन्मदाखला आणि आई-बापाचं कार्ड. ॲक्सिडेंटची केस असेल तर पोलिसांत नोंद झालीय ना बघा. आणि आधारवर 'शकुंतला' आणि रेशनकार्डवर 'सकु' असं नाव असेल तर आज पेशंट धडधाकट असतानाच ते तहसीलमधून दुरुस्त करून घ्या, कारण आयसीयूच्या दारात उभं राहून नाव दुरुस्त होत नाही, मी लोकांना तिथं रडताना बघितलंय.

यात एक साधी शंभर पानी वही टाका आणि पेन. त्या वहीत तारीख, वेळ, कोण भेटलं, काय म्हणालं, काय आणायला लावलं, किती लागले हे लिहायचं. पुढची प्रत्येक तक्रार याच वहीतून लिहिली जाते.

हॉस्पिटलात शिरल्यावर: आधी आरोग्यमित्र, मग कॅश काउंटर

योजनेच्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, कधी दर्शनी भागात तर कधी जिन्याखाली कोपऱ्यात. रिसेप्शनवर विचारलं तर 'साहेब राउंडला गेलेत' किंवा 'आधी डिपॉझिट भरून घ्या मग बघू' असं उत्तर येतं. डिपॉझिट भरू नका. टेबल सापडत नसेल तर तिथूनच १५५३८८ ला फोन लावा किंवा १८०० २३३ २२०० ला, टोल फ्री आहेत, आयुष्मानचा केंद्राचा नंबर १४५५५. रिसेप्शनसमोर उभं राहून नुसता फोन लावला तरी आरोग्यमित्र कुठे आहे ते बऱ्याचदा लगेच सापडतं.

आरोग्यमित्राला हे विचारा: या हॉस्पिटलला या आजाराची, म्हणजे हार्टची किंवा कॅन्सरची किंवा हाडांची, योजनेत परवानगी आहे का (हॉस्पिटल पॅनलवर असतं पण सगळ्या स्पेशालिटी असतीलच असं नाही), आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं ऑपरेशन यादीत बसतं का, आणि आमच्या कुटुंबाची यंदाची किती रक्कम शिल्लक आहे. काही उपचार फक्त सरकारी हॉस्पिटलसाठी राखीव आहेत, त्यामुळे खासगीत 'हे बसत नाही' म्हटलं तर ते प्रत्येक वेळी खोटं असतं असंही नाही, तशा वेळी हे सरकारीत योजनेतून होतं का एवढं विचारून घ्या.

मग हॉस्पिटल कागद आणि रिपोर्ट ऑनलाइन चढवतं, वरून मंजुरी येते, त्याला सगळे प्री-ऑथ म्हणतात. इमर्जन्सी असेल तर फोनवर कळवून लगेच उपचार सुरू करायची सोय आहे, कागद मागाहून देता येतात. म्हणजे हार्ट अटॅकचा पेशंट दारात असताना 'मंजुरी येईपर्यंत पैसे भरा' हे चालत नाही.

इथं तीन जागी पैसा निसटतो. पहिली जागा म्हणजे मंजुरीच्या आधीच्या तपासण्या. 'आधी स्वतःच्या पैशाने करा, मंजूर झालं की परत देऊ' असं सांगतात. त्या आजाराच्या तपासण्या पॅकेजमध्येच, म्हणजे योजनेने त्या उपचारासाठी ठरवलेल्या एकूण खर्चातच धरलेल्या असतात, त्यामुळे नाही म्हणा, आणि अगदीच नाइलाज झाला तर पेशंटच्या नावाची, तारखेची, हॉस्पिटलच्या नावाची छापील पावती घ्या, पांढऱ्या कागदावर लिहिलेला आकडा नको. परत मागताना तीच लागते.

दुसरी जागा रूमची. योजनेचं पॅकेज जनरल वॉर्डचं असतं. 'आजीला जनरलमध्ये कुठे ठेवता, सेमी-प्रायव्हेट घ्या थोडेच पैसे लागतील' असं कुणी प्रेमाने सांगितलं आणि तुम्ही हो म्हणालात की योजना सुटायची शक्यता असते आणि मग सगळंच बिल अंगावर येतं. तिसरी आणि सगळ्यात वाईट म्हणजे ॲडमिशनच्या गठ्ठ्यात एक कागद असतो ज्यावर लिहिलेलं असतं की मला योजनेचा लाभ नको, मी स्वखर्चाने उपचार घेतोय. घाईत, रात्री दोन वाजता, दहा कागदांत अकरावा म्हणून त्याच्यावर सही घेतली जाते. मराठीत नसेल तर वाचून दाखवा म्हणा आणि प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढूनच सही करा. असा कागद सापडला तर सही करू नका, एवढ्याने कुणी पेशंटला बाहेर काढत नाही.

'वरचे पैसे' आणि चांगला स्टेंट

पॅकेजमध्ये बेड, नर्सिंग, डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, औषधं, तपासण्या, इम्प्लांट म्हणजे शरीरात बसवायच्या वस्तू, पेशंटचं जेवण आणि डिस्चार्जनंतर घरी जायचा एकदाचा प्रवासखर्च एवढं धरलेलं असतं. डिस्चार्जनंतरचे काही दिवसही त्यात येतात, फुले योजनेत दहा दिवस आणि आयुष्मानच्या नियमांत पंधरा. हे दिवस बहुतेक लोक वाया घालवतात, टाके काढायला गेले की परत ओपीडीची फी भरतात. भरायची नसते.

तरीही स्टेंटच्या, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीच्या नळीच्या बाबतीत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हे की 'योजनेत साधा स्टेंट बसतो, चांगला टाकायचा तर वरचे चाळीस हजार द्या'. माणूस टेबलवर झोपलेला असतो आणि बाहेर मुलगा उभा असतो, तो काय नाही म्हणणार? म्हणून हे आधी माहीत हवं. योजनेत असे वरचे पैसे घेता येत नाहीत. स्टेंटच्या किमती सरकारनेच बांधून दिल्यात, फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध सोडणाऱ्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० ठरवली, त्याआधी तोच लाख-सव्वा लाखाला लावला जायचा. नंतर ती बदलत गेलीय पण बांधलेलीच आहे. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बांधल्या. त्यामुळे शांतपणे एवढंच म्हणा: 'डॉक्टर, साधा आणि चांगला यातला फरक आणि वरची रक्कम फाईलवर लिहून द्या, आम्ही आरोग्यमित्रांशी बोलून लगेच सांगतो.' लिहून मिळत नाही, आणि चाळीस हजारांचा विषयही तिथेच संपतो. स्टेंट, प्लेट, लेन्स काहीही बसवलं तरी त्याच्या पाकिटावरचं कंपनीचं स्टिकर फाईलला लावलंय का बघा आणि त्याचा फोटो घ्या.

बाहेरून आणायची चिठ्ठी

हा भाग सरकारी दवाखान्यांचा आहे आणि इथं मला जरा थांबून लिहायचंय, कारण गरिबाचा सगळ्यात जास्त पैसा इथं जातो.

ती चिठ्ठी कशी असते बघा. केसपेपरचा नाही, कुठल्यातरी औषध कंपनीच्या पॅडचा अर्धा फाडलेला कागद. वर पेशंटचं नाव नाही, नंबर नाही, तारीख नाही. तीन ओळी, दोन इंजेक्शनं आणि एक सलाईनचा सेट, कंपनीच्या ब्रँडच्या नावाने. खाली सही नाही, शिक्का नाही. आणि तोंडी सूचना, 'गेटसमोरच्या मेडिकलमधूनच आणा, दुसरीकडे मिळत नाही'. उद्या तुम्ही म्हणालात की सिव्हिलने बाहेरून औषध आणायला लावलं तर दाखवायला तुमच्याकडे काय आहे? काहीच नाही. ती चिठ्ठी तशी असते ते याचसाठी.

आता न्यायाने बोलायचं तर प्रत्येक चिठ्ठीमागे कमिशन असतं असं मुळीच नाही. स्टोअरमध्ये खरंच औषध नसतं, खरेदी रखडलेली असते, आणि रात्रीचा ज्युनियर डॉक्टर पेशंट वाचवायला म्हणून लिहून देतो. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही, उलट त्याला बरोबर घेतलं तर काम होतं. तर क्रमाने असं करा.

आधी त्यांना सांगा की डॉक्टर हे केसपेपरवर लिहा, औषधाच्या मूळ नावाने, आणि 'साठ्यात उपलब्ध नाही' असं लिहून सही करा. आवाज न चढवता, दोनदा, तीनदा. बऱ्याचदा एवढं म्हटल्यावर वॉर्डच्या कपाटात औषध सापडतं. नाही सापडलं आणि पेशंट सिरियस आहे तर आणा, जिवाशी खेळ करू नका, पण जीएसटी नंबरचं पक्कं बिल घ्या, पेशंटच्या नावाने. शक्य असेल तर जन औषधीतून (स्वस्त औषधांचं सरकारी योजनेतलं दुकान) किंवा कुठल्याही मेडिकलमधून आणा, एकाच दुकानाची सक्ती कुणाला करता येत नाही. मग ऑफिसच्या वेळेत ते बिल आणि केसपेपरची झेरॉक्स घेऊन वैद्यकीय अधीक्षकांकडे जा, सिव्हिल असेल तर निवासी वैद्यकीय अधिकारी किंवा थेट जिल्हा शल्यचिकित्सक, आणि म्हणा की पुढचे डोस रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी करून द्या. ही समिती प्रत्येक दवाखान्यात असते, तिच्याकडे पैसा असतो आणि अशा वेळी खर्च करायलाच तो असतो. पाच दिवसांची महागडी अँटिबायोटिक चालू होणार असेल तर पहिल्याच दिवशी हे करा, चौथ्या दिवशी करून काय उपयोग.

डिलिव्हरी: पेढ्याचे पैसे

सरकारी दवाखान्यातली डिलिव्हरी, सिझर धरून, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात पूर्ण फुकट आहे, १ जून २०११ पासून. औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण, घरातून आणायची, मोठ्या हॉस्पिटलला हलवायची आणि परत घरी सोडायची गाडी, आणि बाळ आजारी पडलं तर एक वर्षापर्यंत त्याचे उपचार. गाडीसाठी १०२, इमर्जन्सीला १०८, दोन्ही फुकट. ड्रायव्हरला डिझेलचे पैसे द्यायचे नसतात.

आणि तरीही लेबर रूमच्या बाहेर मागणी होतेच, मुलगा झाला तर जास्त, मुलगी झाली तर कमी, आणि पैसे हातात पडेपर्यंत बाळ दाखवायचं नाही. आनंदाने पेढे वाटणं वेगळं आणि अडवून घेणं वेगळं हो. ज्या बाईला नववा महिना लागलाय तिच्या घरच्यांना आशाताईंबरोबर आधीच बसवा आणि हे सगळं फुकट आहे हे सासूपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवा, कारण त्या क्षणी पैसे काढून देणारी व्यक्ती बहुतेक वेळा हे माहीत नसलेलीच असते.

कुणी अडवून पैसे मागितले तर कायदा काय म्हणतो

सरकारी कर्मचाऱ्याने, मग तो मोठा डॉक्टर असो की क्लार्क, सर्टिफिकेटसाठी, ऑपरेशनची तारीख लवकर देण्यासाठी, पोस्टमॉर्टेमच्या कागदासाठी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ नंबर आहे, टोल फ्री. लोक घाबरतात की आपणही दिले म्हणजे आपणही गुन्हेगार. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे हे बरोबर, पण त्याच कायद्यात असं आहे की बळजबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत तुम्ही पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलंत तर तुम्हाला ते लागू होत नाही. हे सात दिवस लक्षात ठेवा. आणि देण्याआधीच कळवून सापळ्यात मदत केलीत तर प्रश्नच नाही. फोन करताना मागणाऱ्याचं नाव, पद, किती मागितले, कधी द्यायचे ठरलंय एवढं तयार ठेवा, वही इथं कामाला येते.

योजनेतल्या खासगी हॉस्पिटलाने पैसे घेतले असतील तर तक्रार आरोग्यमित्र, मग योजनेचे जिल्हा समन्वयक, आणि मुंबईत वरळीला जीवनदायी भवनात राज्य आरोग्य हमी सोसायटी. फोन १५५३८८ लाच करा पण तक्रार नंबर लिहून घ्या, नंबर न घेता ठेवलेला फोन म्हणजे न केलेला फोन. केंद्राच्या नियमावलीनुसार पेशंटकडून बेकायदा पैसे घेतलेले पहिल्यांदा सापडले तरी पूर्ण परत आणि तिपटीपर्यंत भरपाई, आणि परत परत सापडलं तर पॅनलवरून काढण्यापर्यंत जाता येतं. मी ज्या तक्रारी बघितल्यात त्यात ॲडमिट असतानाच केलेल्या तक्रारीचे पैसे लवकर मिळतात, डिस्चार्ज झाला की हॉस्पिटलला घाई राहत नाही.

डिस्चार्जच्या दिवशी

या दिवशी सगळे घाईत असतात, गाडी बाहेर उभी असते, आणि समोर सह्यांचे कागद येतात. समाधानपत्र, प्रवासखर्च मिळाल्याची पावती, कधी रिकामे फॉर्म. रिकाम्या फॉर्मवर सही नाही. प्रवासखर्च हातात मिळाला तरच त्याच्या पावतीवर सही. आणि तुमच्या नावावर किती रकमेचा क्लेम लावला हे आरोग्यमित्राला विचारा.

हे का विचारायचं? सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या कॅगने ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष्मान योजनेवर अहवाल दिला त्यात ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाईल नंबरला जोडलेले सापडले, नंबर कोणता तर दहा वेळा नऊ. आणि आधीच मृत म्हणून नोंद झालेल्या ३,४४६ पेशंटच्या नावावर उपचार दाखवून ६.९७ कोटी रुपये दिले गेले होते. हा पैसा कुणाचा, तर पुढच्या पेशंटचा. तुमच्या कुटुंबाचे पाच लाख वर्षाला एकदाच मिळतात, त्यातून मोतीबिंदूच्या नावावर कुणी परस्पर काही उचललं तर सहा महिन्यांनी वडिलांच्या बायपासला तेवढे कमी पडतील. म्हणूनच आरोग्य शिबिरात आधार, अंगठा आणि ओटीपी देताना कशासाठी हे विचारायचं, आणि न घेतलेल्या उपचाराचा मेसेज मोबाईलवर आला तर त्याच दिवशी १४५५५ ला कळवायचं.

डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोट्स, सगळे रिपोर्ट घ्या. पूर्ण फाईलची कॉपी हवी असेल तर लेखी अर्ज द्या, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. आणि वाईट वेळ आली, पेशंट गेला, तर बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही, खासगी हॉस्पिटलालाही नाही. महाराष्ट्रात २०२१ च्या नर्सिंग होम नियमांत हे आहे, त्याच नियमांत दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणंही सक्तीचं आहे.

तक्रार कशी लिहायची

एक पान, जास्त नाही. रागाचे शब्द नकोत, भ्रष्ट, लुटारू वगैरे लिहिलं की मुद्दा बाजूला पडतो. असं लिहा: 'माझी आई दि. अमुक रोजी आपल्या रुग्णालयात वॉर्ड क्र. अमुकमध्ये दाखल होती, केसपेपर क्र. अमुक. दि. अमुक रोजी दुपारी अंदाजे चार वाजता अमुक इंजेक्शन साठ्यात नसल्याचे सांगून बाहेरून आणण्यास सांगितले. त्याचे रु. ३,२०० चे बिल व केसपेपरची प्रत सोबत जोडली आहे. सदर रक्कम परत मिळावी व पुढील औषधे रुग्णालयातून द्यावीत.' दोन प्रती काढा, एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या. हीच तक्रार राज्य सरकारच्या 'आपले सरकार' पोर्टलवरही टाका.

उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. 'माझ्या तक्रारीचं काय झालं' एवढंच न विचारता असं विचारा: अमुक तारखेला अमुक औषधाचा स्टोअरमध्ये किती साठा शिल्लक होता, आणि त्या महिन्यात रुग्ण कल्याण समितीतून कोणती औषधं किती रुपयांची खरेदी केली. साठा होता आणि तुम्हाला बाहेर पाठवलं हे त्यांच्याच रजिस्टरने सिद्ध होतं. मुदत ३० दिवस, पण माणसाच्या जिवाशी संबंधित माहिती असेल तर ४८ तास, ते अर्जाच्या वरच ठळक लिहा.

योजनेत बसतच नसेल तर

मग धर्मादाय हॉस्पिटल बघा. ट्रस्टची मोठमोठी नावाजलेली हॉस्पिटलं असतात ना, त्यांना सरकारी सवलती मिळतात आणि बदल्यात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली, हायकोर्टाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, १० टक्के खाटा निर्धनांना पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. त्यासाठी प्रत्येक बिलातून दोन टक्के बाजूला काढून निर्धन रुग्ण निधी ठेवायचा असतो. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांना ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे अर्ज द्या. इमर्जन्सीत डिपॉझिटसाठी अडवायचं नाही हे त्या योजनेतच आहे, २०२५ मध्ये पुण्यातल्या एका गर्भवती बाईच्या मृत्यूनंतर धर्मादाय आयुक्तांना ते सगळ्या हॉस्पिटलांना पुन्हा बजावावं लागलं.

इथं एक गोष्ट आपल्या बाजूची पण बोलायला हवी. चांगली कमाई असणारी माणसं ओळखीच्या तलाठ्याकडून कमी उत्पन्नाचा दाखला काढून या खाटा घेतात आणि वर नगरसेवकाचं पत्र जोडतात. तसं करू नका आणि कुणाला करून देऊ नका, त्या वॉर्डात खाटा मोजक्याच असतात आणि बाहेर थांबलेल्या ऊसतोड कामगाराकडे ना दाखला असतो ना नगरसेवक.

'खाट शिल्लक नाही' असं सांगितलं तर रोजच्या खाटांची स्थिती धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाईटवर बघा आणि अर्जावरच 'खाट उपलब्ध नाही' असं लिहून सही-शिक्का मागा. लिहून देत नसतील तर तोच अर्ज घेऊन जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जा. सिंधुदुर्गातले जे पेशंट गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला नेतात त्यांनी निघायच्या आधी योजनेच्या नंबरवर विचारून घ्या, तिथं २०१८ पासून गोव्याबाहेरच्या पेशंटना फी लागते आणि आपली योजना कुठल्या आजाराला चालते हे घरूनच कळलं तर गाडी कुठल्या दिशेला न्यायची ते ठरवता येतं.